वाळलं म्हणू नका!

नर्सरीतला गुलाबी मुसांडा पाहून 'अगबाई, केवढी ही फुलं!' असं तुम्हीही म्हटलं असेल. पण ती फुलं नव्हेतच. खरं फूल म्हणजे मधली इवलीशी पिवळी चांदणी. भोवतीचा पिसारा म्हणजे फुलाची निदलं, पानांएवढी वाढून रंगलेली. ठाण्याजवळ येऊरच्या जंगलात पावसाळ्यात दिसणारा भूतकेस याचाच भाऊबंद. त्याचं मात्र एकेकच निदल पांढरं पान होऊन मिरवतं.

माझ्याकडे मुसांडा आला तो आमच्या डोंबिवलीच्या बचतगटातल्या एका ताईंकडून. त्यांनीच बांधलेल्या गुटीचं रोप. दिवाळीपर्यंत कुंडी नुसती गुलाबी! थंडी पडली आणि पानं गळायला लागली. जानेवारीत उरल्या काड्या. सासूबाई म्हणाल्या, "गेलं गं ते, कुंडी मोकळी कर."

त्याच महिन्यात ताईंचे यजमान गेले. त्यांनी गटात येणं सोडलं. भेटायला गेले, तर घरच्यांनीच सांगितलं, "आता कशाला त्यांना बाहेरचे व्याप?" ताई गप्प. काय बोलावं सुचेना, म्हणून मी झाड वाळल्याचं सांगितलं. तशी त्या पटकन म्हणाल्या, "टाकू नका हो! नखाने साल खरवडून बघा. आत हिरवं असेल तर जिवंत आहे."

हिरवं होतं! त्यांनी सांगितलं तसं थंडीत पाणी कमी केलं. फेब्रुवारीत फांद्या निम्म्यावर छाटल्या, वरची माती उकरून शेणखत घातलं. मार्चमध्ये पालवी आली, मे महिन्यात रंग. दरवर्षी अशी छाटणी केली, तर झाड कुंडीतही आटोपशीर राहतं. मात्र चार-पाच तास ऊन हवं आणि कुंडीत पाणी साचता कामा नये.

या झाडाची जन्मकथाही ऐकण्यासारखी आहे. १९१५ साली फिलिपिन्समधल्या माकिलिंग डोंगरावर पाचही निदलं पांढरी झालेलं एक झाड सापडलं. पुढे राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी अरोरा केझॉन यांचं नाव त्याला मिळालं, 'डोना अरोरा'. लाल आफ्रिकन मुसांड्याशी त्याचा संकर होऊन गुलाबी जाती निघाल्या. या अरोराबाई १९४४ मध्ये विधवा झाल्या. १९४७ मध्ये त्यांनी तिथल्या रेडक्रॉसची धुरा घेतली. १९४९ मध्ये पतीच्या नावाच्या रुग्णालयाच्या उद्घाटनाला जाताना त्यांची हत्या झाली.

हे सारं मी ताईंना सांगितलं. त्या नुसत्या ऐकत होत्या. जूनमध्ये त्यांचा फोन आला, "तुमच्या झाडाला गुटी बांधायची वेळ झाली. येऊ का?" बोटाएवढ्या जाड फांदीची इंचभर साल काढून त्यांनी ओलं शेवाळ गुंडाळलं, वर प्लॅस्टिक घट्ट बांधलं. दीड महिन्यात मुळं फुटली.

गणपतीआधीच्या बैठकीला ताई स्वतः आल्या. पिशवीत चार रोपं होती. हिशेबाची वही त्यांनी मागून घेतली आणि म्हणाल्या, "मागचे सहा महिने कुणी लिहिलंय हे? किती चुका!"