गलबताचं लाकूड कोणी खाल्लं?

पळस्पे फाट्यावर घटकाभर उभं राहून बघा. न्हावा-शेवा बंदरातून निघालेले कंटेनर धडधडत जात असतात, आणि इथूनच एक रस्ता वळतो कर्नाळ्याकडे, पेणकडे, थेट गोव्यापर्यंत. गाड्यांचा एवढा गोंगाट, की समुद्राची आठवणसुद्धा होत नाही. पण पूर्वी माल आणि माणसं शिडाच्या होड्यांतून पनवेलच्या खाडीत यायची. १८३० साली बोरघाटातला गाडीरस्ता खुला झाला, तेव्हा मुंबईहून पुण्याला निघालेला माणूस होडीतून पनवेलला उतरायचा आणि मग घाट चढायचा.

शिडाचं जहाज म्हणजे सगळा वाऱ्याचा भरवसा. वारा फिरला, तांडेलाचा अंदाज चुकला, की खडकावरच. म्हणून पावसाळ्यात गलबतं किनाऱ्यावर ओढून ठेवायची आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहून मगच पाण्यात लोटायची. तरीही इतक्या वर्षांत कितीतरी बुडाली. मग ती आज समुद्राच्या तळाशी डोलकाठ्यांसकट उभी असतील का हो? चित्रात दाखवतात तशी?

बहुतेक ठिकाणी नाही. तळाशी लाकूडच सापडत नाही. मग ते गेलं कुठे?

याच गोवा रस्त्याने दक्षिणेकडे जात राहिलं, की तळेऱ्याहून विजयदुर्गाचा फाटा फुटतो. तिथे तुळाजी आंग्र्यांचं आरमार असायचं. त्यात गुराबा होत्या, म्हणजे दोन-तीन डोलकाठ्यांची, पुढे टोकदार नाळ असलेली लढाऊ जहाजं, आणि चपळ गलबतं होती. १७५६ च्या फेब्रुवारीत इंग्रजांचं आरमार ॲडमिरल वॉटसनच्या हाताखाली चालून आलं. आंग्र्यांनी पूर्वी इंग्रजांचंच 'रिस्टोरेशन' नावाचं एक जहाज पकडून आणलं होतं. त्यावर तोफेचा पेटता गोळा पडला. जहाजं एकमेकांना खेटून उभी होती. सुकलेलं लाकूड, तागाचे दोर, कापडी शिडं, फळ्यांच्या सांध्यांत तेल आणि राळ. आग लागायला आणखी काय हवं? एकावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर, असं अख्खं आरमार जळून गेलं. आणि जमिनीच्या बाजूने पेशव्यांची फौज इंग्रजांच्या मदतीला होती. हे वाचताना मला आजही वाईट वाटतं.

पाण्यावरचं लाकूड आगीने खाल्लं. पण पाण्याखालचं लाकूड खाणारा आणखी एक जण समुद्रात आहे.

त्याचं नाव टेरेडो. दिसतो लांबलचक, मऊ किड्यासारखा, पण तो किडा नव्हेच! तो शिंपल्यांचा भाऊबंद. तिसऱ्यांना दोन शिंपा असतात ना, तशा त्यालाही असतात, पण अगदी चिमुकल्या, फक्त डोक्याशी. त्यांचा तो कानशीसारखा उपयोग करतो. डोळ्यांना दिसणारही नाही एवढा असताना तो लाकडात शिरतो, आणि मग आतल्या आत पोखरत, वाढत जातो. लाकडाचा भुगा तो खातो. पचवतो कसा? त्याच्या कल्ल्यांत राहणारे जिवाणू त्यासाठी रसायनं तयार करतात. बोगद्याच्या भिंतींना तो चुन्याचा गिलावाही करतो. बाहेरून बघाल तर फळीवर टाचणीच्या टोकाएवढी भोकं, आणि आत नुसती चाळण! लंडनमध्ये थेम्स नदीखालून बोगदा खोदणाऱ्या मार्क ब्रुनेल या इंजिनिअरला खोदायची युक्ती सुचली ती याच प्राण्याकडे बघून. कोलंबसाची जहाजंसुद्धा अशीच पोखरली गेली, आणि १५०३ साली त्याला ती जमैकाच्या किनाऱ्याला लावावी लागली. पुढे इंग्रज आरमाराने जहाजांच्या बुडाला तांब्याचे पत्रे ठोकले, ते याच्याच धास्तीने.

आता स्वीडनला चला. १६२८ साली स्टॉकहोमच्या बंदरातून 'वासा' नावाची भव्य युद्धनौका पहिल्याच सफरीला निघाली. वरती जड तोफा, आणि बुडाशी नीरम अपुरं. नीरम म्हणजे जहाज कलंडू नये म्हणून तळाशी भरलेले दगडधोंडे. वाऱ्याच्या झोताने जहाज कललं, तोफांच्या खिडक्यांतून पाणी शिरलं आणि दीड किलोमीटरही न जाता ते बुडालं. ३३३ वर्षांनी, १९६१ मध्ये, ते वर काढलं तर जवळजवळ सगळं शाबूत! लाकडावरचं कोरीवकामसुद्धा. कारण बाल्टिक समुद्राचं पाणी कमी खारट असतं, त्यात टेरेडोला जगता येत नाही. आपला समुद्र उबदार आणि खारट. तिथे त्याला बारा महिने मेजवानी.

म्हणून आपल्याकडच्या शोधकांना लाकडाविना जहाज ओळखावं लागतं. गोव्यात मुरगावजवळ समुद्रात सुंची नावाचा खडक आहे. तिथे दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्यांना जहाजाच्या तोफा सापडल्या. शिवाय चिनी मातीची भांडी, काचेच्या बाटल्या, हस्तिदंत आणि चक्क पाणघोड्याचे दात! पाणघोडा गोव्यात कुठला? तो आफ्रिकेतला. चिनी भांडी चीनची. एवढ्यावरून जहाजाचा व्यापार कुठवर पसरला होता ते समजतं. ते सतराव्या शतकातलं पोर्तुगीज जहाज असावं, असं संशोधक म्हणतात. चिखलात खोल रुतलेली एखादी फळी मात्र टिकू शकते, कारण तिथे हवा पोचत नाही आणि टेरेडोही पोचत नाही.

आता एक काम तुमच्यासाठी. ओहोटीच्या वेळी मोठ्या माणसांबरोबर एखाद्या खाडीच्या धक्क्यावर जा. जुनं, टाकून दिलेलं होडीचं लाकूड शोधा, किंवा तिवराचं पडलेलं खोड. बारीक भोकं दिसली तर कोणाला तरी ते फोडून दाखवायला सांगा. आत पांढऱ्या चुन्याची नळी असली, तर टेरेडो तिथे राहून गेलेला आहे.