सर्वांत संथ पायरी



दरवर्षी उन्हाळा सरत आला की आपल्या मंडळाच्या यादीत नव्या कुटुंबांची भर पडते. गणपतीच्या कार्यक्रमात नवे चेहरे दिसतात. "तुम्ही मूळचे कुठले?" पासून सुरू झालेली गाडी हळूहळू "मग, रुळलात का इथे?" या स्टेशनावर येते. उत्तर बहुधा नवरा देतो. "हो, हो! अपार्टमेंट मिळालं, गाडी घेतली, मुलाला शाळेत घातलं. झालं सगळं सेट!" शेजारी उभी असलेली बायको हसते आणि प्रसादाची वाटी हातात फिरवत राहते. काही घरांत हे उलट असतं. नोकरी बायकोची आणि वाटी नवऱ्याच्या हातात. आज मला लिहायचं आहे ते या वाटीवाल्या माणसाबद्दल.

मी पेशाने केमिस्ट. आमच्या शास्त्रात एक साधा नियम आहे. एखादी प्रक्रिया चार पायऱ्यांनी होत असेल, तर तिचा एकूण वेग सर्वांत संथ पायरीच्या वेगावर ठरतो. बाकीच्या तीन कितीही झटपट होवोत, उपयोग नाही. स्वयंपाकघरातलं उदाहरण द्यायचं तर, कणीक मळून तयार आहे, दोघीजणी भराभर लाटताहेत, पण तवा एकच आहे. पोळ्या तव्याच्याच वेगाने होणार.

परदेशात आलेल्या कुटुंबाचंही असंच असतं. ज्याची नोकरी असते त्याला सोमवारी सकाळी जायला जागा असते. बिल्ला मिळतो, टेबल मिळतं, दुपारी डबा खायला चार माणसं मिळतात, "डॉक्टर कुठला चांगला?" हे विचारायला शेजारचा सहकारी असतो. मुलांना शाळा मिळते. सहा महिन्यांत ती आपले उच्चार सुधारायला लागतात! उरतं ते मागून आलेलं माणूस. त्याला यातलं काहीच आपोआप मिळत नाही आणि घर रुळतं ते मात्र त्याच्या वेगाने.

अमेरिकेत आलेल्या मराठी माणसांची कहाणी आपण आनंदीबाई जोशींपासून सांगतो. ती एकदा या दृष्टीने वाचून बघा. ४ जून १८८३ रोजी अठरा वर्षांच्या आनंदीबाई न्यूयॉर्कला उतरल्या. नवरा बरोबर नव्हता, ओळखीचं गाव नव्हतं. पण त्यांना घ्यायला न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर आल्या होत्या. दातांच्या डॉक्टरकडे वाट बघत बसल्या असताना या बाईंनी एका मासिकात जोशी पतिपत्नींबद्दलचा पत्रव्यवहार वाचला आणि आपण होऊन पत्र लिहिलं. पुढे पत्रापत्रीतून नातं जुळलं. आनंदीबाई त्यांना 'मावशी' म्हणत. तो पहिला उन्हाळा त्यांनी मावशीच्या घरी काढला आणि मग फिलाडेल्फियाला वुमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियात दाखल झाल्या. तिथल्या डीन रेचल बॉडली. त्या स्वतः रसायनशास्त्राच्या प्राध्यापक होत्या, हे आम्हा केमिस्ट मंडळींना विशेष अभिमानाचं! त्यांनी १८७४ साली केलेल्या सूचनेतून केमिस्टांचा एक मेळावा भरला आणि त्यातूनच १८७६ मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटी उभी राहिली.

म्हणजे आनंदीबाईंकडे कॉलेज होतं, जपानहून आणि सीरियाहून आलेल्या विद्यार्थिनींची सोबत होती, एक मावशी होती. थंडी आणि प्रकृती यांनी त्यांना फार छळलं, पण दिवसाला एक आकार होता. गोपाळराव १८८५ मध्ये मागून आले. भारतात ते पोस्टातले नोकरदार. इथे ना नोकरी, ना वर्ग. त्यांनी जागोजागी व्याख्यानं दिली आणि त्यांत अमेरिकन समाजावर सडकून टीका केली. त्यांच्या स्वभावावर आपल्याकडे पुष्कळ लिहिलं गेलं आहे, तो आजचा विषय नाही. माझ्या मनात येतं ते एवढंच, की आजच्या भाषेत गोपाळराव 'डिपेंडंट' होते. बायकोची ओळख असलेल्या गावात त्यांची स्वतःची ओळख कुठलीच नव्हती.

हे मी जरा अधिकाराने लिहिते, कारण मीही मागूनच आले. पुण्यात पीएच.डी. पूर्ण करून जानेवारी २०१५ मध्ये मी एच-फोर व्हिसावर इथे उतरले. एच-वन बी वाल्याच्या जोडीदाराचा हा व्हिसा. त्यावर राहता येतं, शिकता येतं, नोकरी करता येत नाही. एका फॉर्मवर 'व्यवसाय' या रकान्यात मी 'केमिस्ट' लिहिलं. खिडकीतल्या बाईंनी शांतपणे विचारलं, "सध्या कुठे काम करता?" आणि माझ्या उत्तरानंतर तितक्याच शांतपणे तो शब्द खोडून 'होममेकर' लिहिला. त्या काही चुकीचं वागल्या नव्हत्या. पण त्या दिवशी घरी आल्यावर मी फोनवर आईला एवढंच सांगितलं, की बर्फ फार आहे.

सकाळी गाडी नवऱ्याबरोबर जायची. सर्वांत जवळचं दुकान दोन मैलांवर आणि वाटेत फुटपाथ नाही. फेब्रुवारीत आपल्याच मंडळातल्या एक काकू भेटल्या. सत्तरीच्या दशकात त्या स्वतः मागूनच आलेल्या. त्यांनी "काही लागलं तर सांग हं" असं म्हटलं नाही. "मंगळवारी दहाला येते, तयार राहा," म्हणाल्या आणि आल्या. लायब्ररीचं कार्ड काढून दिलं. पुढच्या मंगळवारी एका बंद पडलेल्या दुकानाच्या रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये मला गाडीच्या चाकावर बसवलं. एप्रिलमध्ये माझं लायसन्स आलं. खरं सांगते, पीएच.डी.च्या कागदाने झाला नव्हता इतका आनंद त्या प्लास्टिकच्या तुकड्याने झाला!

मे २०१५ मध्ये नवा नियम लागू झाला. ज्यांच्या जोडीदाराची ग्रीन कार्डाची प्रक्रिया ठरावीक टप्प्यापर्यंत पोचली आहे, अशा एच-फोरवाल्यांना कामाच्या परवान्यासाठी अर्ज करता येऊ लागला. मला तो २०१८ मध्ये मिळाला. मधली तीन वर्षं काकूंचा मंगळवार, लायब्ररी आणि आपलं मंडळ यांच्या आधारावर गेली.

आता नव्या कुटुंबांसाठी चार कामाच्या गोष्टी. हे पान फ्रिजवर लावून ठेवा.

पहिली, कागदपत्रं. घराच्या भाडेकरारावर आणि विजेच्या बिलावर दोघांचीही नावं घाला. बँकेत खातं जोडीने उघडा. लायसन्ससाठी पत्त्याचा पुरावा लागतो, तेव्हा एकट्या नवऱ्याच्या नावावरचे कागद आडवे येतात. कामाची परवानगी नसलेल्या जोडीदाराला सोशल सिक्युरिटी नंबर मिळत नाही, पण त्या कार्यालयातून 'नंबर देता येत नाही' असं पत्र मिळतं. अनेक राज्यांत लायसन्ससाठी हे पत्र चालतं. टॅक्स रिटर्नसाठी आयटीआयएन हा वेगळा नंबर काढता येतो. व्हिसाचे नियम बदलत राहतात, तेव्हा नेमकं काय ते वकिलालाच विचारा. पार्टीतल्या तज्ज्ञांवर विसंबू नका.

दुसरी, गाडी. घरात दुसरी गाडी नसली तरी दुसरं लायसन्स पहिल्या काही महिन्यांतच काढा. थंडी सुरू होण्याआधी निघालं तर फारच उत्तम.

तिसरी, टीबीची चाचणी. आपल्याकडे जन्मल्यावर बीसीजीची लस देतात. त्यामुळे इथे हातावर केलेली चाचणी काही वेळा उगाच पॉझिटिव्ह येते आणि घरात रडारड होते. रक्ताच्या चाचणीवर बीसीजीचा परिणाम होत नाही. ती करता येईल का, असं डॉक्टरांना विचारा आणि मुलांचे लसीचे कागद येताना सोबत आणा. पण चाचणी टाळू मात्र नका. आनंदीबाईंना क्षयानेच नेलं, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविसावं वर्षही पुरं होण्याआधी.

चौथी, दही! "इथलं दूध वाईट, दही लागतच नाही," ही तक्रार मी दर हिवाळ्यात ऐकते. दुधाचा दोष नाही हो. विरजणातल्या जिवाणूंना चाळीस ते त्रेचाळीस अंश सेल्सिअस, म्हणजे सुमारे ११० फॅरनहाइटची ऊब लागते. आपल्या घरात हिवाळ्यात असतात जेमतेम सत्तर फॅरनहाइट. कोमट दुधात विरजण लावून भांडं ओव्हनमध्ये ठेवा. ओव्हन बंद, आतला दिवा तेवढा चालू. विरजणासाठी आणलेल्या दह्याच्या डब्यावर जिवंत कल्चर असल्याचं लिहिलेलं असावं. सकाळी छान कवडी दही मिळेल. जिवाणू तेच असतात, दूधही तेच. ऊब मिळाली की काम होतं. माणसांचंही फारसं वेगळं नसतं.

म्हणून आता जुन्या सभासदांना विनंती. १९८१ साली बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन झालं, तेव्हापासून अधिवेशनं, नाटकं, गाण्यांच्या मैफली यांत आपण पुष्कळ मजल मारली. त्याचं मोल आहेच. पण जानेवारीतल्या मंगळवारी सकाळी अकरा वाजता अपार्टमेंटमध्ये एकट्या बसलेल्या माणसापर्यंत नाटक पोचत नाही. तिथे कुणीतरी गाडी घेऊन जावं लागतं.

कार्यकारिणीने मला नव्या कुटुंबांची यादी सांभाळायला दिली आहे. त्यात मी एक रकाना वाढवला आहे, 'मागून कोण आलं?' प्रत्येक अशा व्यक्तीसाठी मला एक जुना सभासद हवा आहे. महिन्यातून दोन सकाळी, सहा महिने. गाडी शिकवणं, लायब्ररी, डॉक्टरकडे सोबत, नाहीतर नुसता चहा. निवृत्त काकाही हवे आहेत, कारण बायकोच्या नोकरीमुळे आलेले नवरे आता बरेच आहेत आणि ते मदत मागायला जास्तच लाजतात. आणि हो, "काही लागलं तर सांगा" असं कृपया म्हणू नका. वार आणि वेळ सांगा.

आनंदीबाईंची रक्षा कार्पेंटर मावशींकडे पाठवण्यात आली आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी गावी त्यांच्या कुटुंबाच्या दफनभूमीत ती ठेवली गेली. तिथे आजही आनंदीबाईंच्या नावाचा दगड आहे. मावशींना हे काम कुठल्या मंडळाने नेमून दिलं नव्हतं. आपल्याकडे तर यादी तयार आहे.

पुढच्या कार्यक्रमात दाराजवळच्या टेबलावर मी वही घेऊन बसणार आहे. प्रसाद घेण्याआधी नाव लिहून जा!