बिलातली ती एक ओळ

लोअर परळच्या जुन्या मिलच्या आवारात नवं 'मॉडर्न इंडियन' रेस्तराँ सुरू झालंय. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर आम्ही चौघं तिथे धडकलो. ठेच्याचं बटर लावलेले पाव, वर कोळंबीचं लोणचं घातलेली छोटी छोटी थालीपीठं... सॉलिड!

मग बिल आलं. ५ टक्के जीएसटी आणि वर १० टक्के सर्व्हिस चार्ज. 'जाऊ दे ना यार, लोक बघतायत,' मैत्रीण कुजबुजली. पण मंडळी, जीएसटी द्यावाच लागतो. हा चार्ज नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये तसे नियम काढले आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने ते उचलून धरले. आम्ही हसत सांगितलं, मॅनेजरने तो काढला. वेटरला टिप मात्र हातात दिली. पुढच्या वेळी तुम्हीही बिनधास्त बोला. नाहीच ऐकलं, तर ग्राहक हेल्पलाइन आहे: १९१५.