शेवटची प्रतिजैविके कुणी, कधी लिहायची?

डहाणू-तलासरी पट्ट्यातला गंभीर रुग्ण बहुधा सिल्वासा, वापी किंवा वलसाडला हलवतात, कधी ठाणे-मुंबईला. वाटेत दोन दवाखाने होतात, दोन्हीकडे इंजेक्शने होतात. कोणती, हे पुढच्या डॉक्टरला कळतेच असे नाही. मग तो थेट सर्वांत भारी औषधाला हात घालतो.

राखीव कोणती?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये प्रतिजैविकांचे तीन गट पाडले. अमॉक्सिसिलिनसारखी रोजची औषधे पहिल्यात, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन आणि मेरोपेनेम जपून वापरायच्या दुसऱ्या गटात, आणि बाकी काही लागू पडेना झाले की द्यायची राखीव औषधे तिसऱ्यात. त्यात कोलिस्टिन, लिनेझोलिड ही नावे येतात. कोलिस्टिन मूत्रपिंडाला इजा करते म्हणून जवळपास बाजूला पडले होते. दुसरा इलाज उरला नाही म्हणून परत आले. कोंबड्यांनाही ते सर्रास दिले जाई; केंद्राने २०१९ मध्ये त्यावर बंदी घातली. लिनेझोलिड तर औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावर महिनोन्‌महिने द्यावे लागते. ते साध्या गळवावर उधळणे या पट्ट्याला परवडणारे नाही.

निर्बंध कसा घालतात?

राखीव औषधाच्या पहिल्या डोसआधी कल्चरसाठी, म्हणजे जंतू वाढवून त्यावर कोणते औषध चालेल हे तपासण्यासाठी, रक्त घ्यायचे, कारण लेखी द्यायचे, वरिष्ठांची मंजुरी घ्यायची. रात्री शॉकमध्ये आलेल्याचा डोस कुणी अडवत नाही. मात्र लेखी कारण सकाळी द्यावे लागते. ४८ ते ७२ तासांनी रिपोर्ट पाहून साधे औषध चालणार असेल तर त्यावर उतरायचे. खरी कसोटी इथेच. रुग्णाला उतार पडलेला असतो, नातेवाईक म्हणतात, "चालू आहे ते चालू द्या, साहेब," आणि डॉक्टरही मान डोलावतात.

घोडे अडते कुठे?

तालुक्याच्या रुग्णालयात कल्चरची सोय सहसा नसते. रक्ताची बाटली बाहेर पाठवायची तर वेळेत पोचायला हवी, आणि ती फ्रिजमध्ये ठेवून चालत नाही. धुंदलवाडीला आता वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या प्रयोगशाळेकडे आसपासच्या सरकारी रुग्णालयांचे नमुने रोज ठरल्या वेळी जावेत. त्याशिवाय मंजुरीचा फॉर्म म्हणजे नुसता कागद.

मार्च २०१४ पासून औषध नियमांच्या शेड्यूल एच-१ खाली मेरोपेनेमसारख्या औषधांची नोंद केमिस्टला वहीत ठेवावी लागते. वॉर्डात ते का लिहिले, हे ती वही विचारत नाही.

नातेवाइकांनी काय करावे?

दवाखाना बदलताना केसपेपर आणि इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या सोबत न्या. रेफर चिठ्ठीवर औषधाचे नाव, डोस आणि वेळ लिहून मागा. "कल्चर पाठवले का?" हे विचारायला लाजू नका.