बशी उलटी करून पाहा

जुन्या विलायती कपबशा आणि शोभेच्या बाहुल्या जमवणारे लोक नक्षीआधी वस्तूचा तळ बघतात. का, ते आज समजून घेऊ.

‘बोन चायना’ म्हणजे हाडांची राख घातलेली चिनी माती. इंग्लंडमधल्या स्टोक-ऑन-ट्रेंट गावी स्पोड घराण्याने १८०० च्या सुमारास तिचे प्रमाण बसवले: साधारण निम्मी गुरांच्या हाडांची राख, बाकी पांढरी माती आणि दगडाची पूड. त्यामुळे भांडे पातळ तरी मजबूत. उजेडात धरले की मागच्या बोटांची सावली दिसते. टिचकी मारल्यावर खणखणीत वाजते. आवाज बसका आला तर तडा असू शकतो.

तळाला कारखान्याचा शिक्का असतो. त्यात ‘इंग्लंड’ असेल तर वस्तू बहुधा १८९१ नंतरची, कारण तेव्हापासून अमेरिकेत जाणाऱ्या मालावर देशाचे नाव सक्तीचे झाले.

शिक्क्याजवळ कधी हाताने काढलेली एकदोन अक्षरे सापडतात. ती रंगवणारीची खूण. फुले, बाहुलीचे गाल बहुतेक बायकाच रंगवत, पुरुषांपेक्षा कमी मजुरीवर. नाव झाले कारखान्याचे. आज संग्राहक त्या अक्षरांवरून तिचे नाव शोधतात.

आपल्या मालाच्या पाकिटावर गटाचे नाव असते. करणारीचेही लिहूया. कोणाला पुढे शोधावे लागू नये.