‘डॉक्टर, फोनवरच सांगा ना!’

१८७६ साली ग्रॅहम बेल यांना दूरध्वनीचे पेटंट मिळाले आणि अवघ्या तीन वर्षांनी, १८७९ मध्ये, ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात दूरध्वनीवरून केलेल्या एका तपासणीची हकीकत छापून आली. मध्यरात्री एका घरातून डॉक्टरांना फोन आला. तान्ह्या बाळाला खोकला लागला होता आणि आजीला भीती वाटत होती, की हा श्वास कोंडणारा ‘क्रूप’ तर नव्हे? डॉक्टरांनी बाळाला फोनजवळ धरायला सांगितले, खोकल्याचा आवाज ऐकला, ‘हा क्रूप नव्हे’ असा निर्वाळा दिला आणि मंडळी निश्चिंत झाली. तेव्हा फोनवरून सल्ला मागणे ही मोबाइलने आणलेली नवीन खोड आहे, अशी तक्रार करणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंनी तेवढा एक मुद्दा सोडून द्यावा. खोड जुनीच आहे. वाढले आहे ते प्रमाण.

आमच्या वडोदऱ्यात, दांडिया बाजार आणि रावपुऱ्याच्या परिसरात, एका वाड्यात एखाद्याच बिऱ्हाडी फोन असे, तो काळ मी पाहिला आहे. आजारपणाचा निरोप घेऊन सायकलवरून मुलगा यायचा. ‘आजोबांना बरं वाटत नाहीये, आईनं तुम्हाला बोलावलंय’ एवढाच तो निरोप. त्यात निदानाची मागणी नसे, औषधाचे नाव विचारलेले नसे. ‘या’ असे म्हटलेले असे. आजच्या फोनचा हेतू नेमका उलटा आहे. डॉक्टरांनी येऊ नये, आपणही जाऊ नये आणि तरीही गोळीचे नाव मिळावे, यासाठी तो केलेला असतो. बरे, मागणारा परका नसतो. शाळेतला मित्र, मंडळाच्या गणेशोत्सवातील सहकारी, व्याह्यांच्या शेजारच्या वहिनी! यांना नाही म्हणायचे कसे, हा प्रश्न कोणत्याही वैद्यकीय पाठ्यपुस्तकात घेतलेला नाही.

या सर्व व्यवहाराला आपल्याकडे बराच काळ कायद्याची काही चौकटच नव्हती. २०१८ साली मात्र एका निर्णयाने डॉक्टरमंडळी खडबडून जागी झाली. रत्नागिरीतील एका डॉक्टर दांपत्याच्या रुग्णालयात सिझेरियन झालेली स्त्री घरी गेल्यावर आजारी पडली. डॉक्टर गावात नव्हते; उपचारांच्या सूचना फोनवरून दिल्या गेल्या. ती पुन्हा दाखल झाली, तेव्हाही रुग्णालयात पाहायला डॉक्टर नव्हता. पुढे तिचा मृत्यू झाला. २५ जुलै २०१८ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने या दांपत्याचा अटकपूर्व जामीन अर्ज फेटाळला आणि निदान न करता औषध देणे हा निष्काळजीपणाच होय, अशा आशयाचे मत नोंदवले. ‘आता फोन उचलायचाच नाही’ अशी प्रतिक्रिया त्या वेळी अनेकांनी दिली. मला ती घाईची वाटली, आजही वाटते. एक तर तो जामिनाच्या अर्जावरचा आदेश होता, खटल्याचा निकाल नव्हे. शिवाय त्या प्रकरणाचे मर्म फोनमध्ये नसून, दाखल झालेल्या रुग्णापाशी कोणीही डॉक्टर नसण्यात होते. फोन हा त्या रिकाम्या खुर्चीत बसवला गेला, हे खरे दुखणे.

आणि मग नियतीचा विनोद पाहा. दोन वर्षेही पूर्ण झाली नव्हती, तोच २५ मार्च २०२० रोजी, म्हणजे देशव्यापी टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, केंद्र सरकारने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. फोन, चित्रफोन, व्हॉट्सअ‍ॅप, ईमेल या सर्व मार्गांनी सल्ला देण्यास नोंदणीकृत डॉक्टरांना अनुमती मिळाली. पुढे २००२ च्या व्यावसायिक आचारसंहितेतही या तत्त्वांचा समावेश झाला. काल ज्याची धास्ती होती, ते आज कर्तव्य ठरले. सरकारच्या ‘ई-संजीवनी’ या सेवेने तर फेब्रुवारी २०२३ पर्यंत दहा कोटी सल्ल्यांचा टप्पा ओलांडला.

ही तत्त्वे माझ्या परिचयातील किती डॉक्टरांनी मुळातून वाचली आहेत, याविषयी मला शंका आहे. रुग्णांनी वाचावीत अशी अपेक्षाच नाही. म्हणून त्यातील कामाचा भाग येथे सांगतो. पॅरासिटामॉल, क्षारसंजीवनी अशी साधी औषधे कोणत्याही मार्गाने सांगता येतात. त्यापुढच्या काही औषधांसाठी पहिल्या वेळी निदान चित्रफोनवर तरी रुग्ण दिसला पाहिजे. जुन्या रुग्णाच्या चालू उपचारांत एखाद्या औषधाची भर घालायची असेल, तर त्याच आजारासाठी गेल्या सहा महिन्यांत डॉक्टरांनी त्याला प्रत्यक्ष तपासलेले असले पाहिजे. अमली आणि ‘शेड्यूल एक्स’मधील औषधे फोनवरून देताच येत नाहीत, झोपेची नाना प्रकारची औषधे मागणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. रुग्णाने आपणहून फोन केला की त्याची संमती गृहीत धरली जाते, पण त्याच्या वतीने दुसरा कोणी बोलत असेल, तर त्या दुसऱ्याला तसा अधिकार आहे का, हे पाहावे लागते. डॉक्टरांनी चिठ्ठीवर आपला नोंदणी क्रमांक घालायचा, संभाषणाची नोंद ठेवायची. आणि फोनवर भागणार नाही असे वाटेल त्या क्षणी ‘प्रत्यक्ष या’ असे सांगण्याचा अधिकार त्यांच्याकडेच राहतो. माझ्या मते सबंध दस्तऐवजातील हे सर्वांत मोलाचे वाक्य.

आमच्याकडील घराघरांत लागू पडणारी आणखी एक तरतूद आहे. भारताबाहेरील रुग्णांना सल्ला देणे या तत्त्वांच्या कक्षेत येत नाही. न्यू जर्सीतील मुलगा दांडिया बाजारातील आईच्या रक्तदाबाविषयी, आईच्या संमतीने, माझ्याशी बोलला तर ते रास्तच आहे. रुग्ण इथे, डॉक्टरही इथे. पण तोच मुलगा स्वतःच्या कंबरदुखीसाठी ‘काका, एक गोळी सांगा, इकडे अपॉइंटमेंट तीन आठवड्यांनी मिळते’ असे म्हणू लागला, की मी त्याला तीन आठवडे वाट पाहावयास सांगतो. त्याला वाईट वाटते. त्याच्या आईला अधिक वाईट वाटते!

फोनची थोरवी मी नाकारत नाही. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्रीला पूर आला, शहराचे कितीतरी भाग पाण्याखाली गेले, वीज गेली. त्या दिवसांत मला आलेल्या फोनांपैकी मोठा भाग मधुमेह्यांचा होता. फ्रीज बंद पडलाय, इन्सुलिनचे काय करायचे? वापरात असलेली कुपी घरातील सावलीच्या, गार जागी काही आठवडे टिकते. शिल्लक कुप्या प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून, मातीच्या माठाच्या गारव्यात ठेवा, पाणी आत जाऊ देऊ नका. एवढे सांगण्यासाठी कोणी छातीइतक्या पाण्यातून दवाखान्यात येण्याची गरज नव्हती. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत तर बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचे आकडे ऐकत माझ्या रात्री गेल्या. नखांना रंग आहे का, बोट गार पडले आहे का, हे आधी विचारायचे. मग सहा मिनिटे खोलीतल्या खोलीत चालायला लावून पुन्हा आकडा घ्यायचा. ९४ च्या खाली उतरला की बोलणे थांबवायचे आणि खाटेच्या शोधाला लागायचे. लहान गावातून कार्डिओग्रामचे छायाचित्र हृदयरोगतज्ज्ञांच्या फोनवर दोन मिनिटांत येते आणि रक्ताची गाठ विरघळवण्याचे इंजेक्शन तिथल्या तिथे सुरू होते, हे तर माझ्या विद्यार्थिदशेत स्वप्नातही आले नसते.

पण या प्रत्येक उदाहरणात फोनवरून नेमके काय गेले, ते पाहावे. मोजलेला आकडा गेला, काढलेला आलेख गेला, ठाऊक असलेल्या आजाराविषयीची माहिती गेली. जे गेले नाही ते म्हणजे निदान न झालेले दुखणे. तिथेच घात होतो.

गेल्या उन्हाळ्यात एक आजी, पंचाहत्तरीच्या, मधुमेह वीस वर्षांचा, सकाळी साडेसातला फोनवर म्हणाल्या, “डॉक्टर, छातीत जळजळतंय हो. रात्री बटाटेवडे झाले जरा. मागे तुम्ही ती गुलाबी गोळी दिली होतीत ना, तिचं नाव सांगा. नातू खालून घेऊन येईल.”

“घाम आला का?”

“आला थोडा. पण उकाडा काय कमी आहे का!”

“जबडा, दंड, पाठ, काही दुखतंय?”

“पाठीत भरल्यासारखं वाटतंय. ते नेहमीचंच.”

गुलाबी गोळीचे नाव मी सांगितले नाही. नातवाला फोन घ्यायला लावला आणि आजींना जिना चढू-उतरू न देता, खुर्चीवर बसवून खाली आणून थेट रुग्णालयात न्यायला सांगितले. आजी रागावल्या होत्या. वड्यांपायी एवढा तमाशा, असे त्यांचे म्हणणे. कार्डिओग्रामवर हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका स्पष्ट होता. दुपारपर्यंत अँजिओप्लास्टी झाली. मधुमेही रुग्णांत, त्यातही वृद्ध स्त्रियांत, हृदयविकाराचा झटका ठरलेली छातीतील कळ न देता अपचनाच्या वेषात येतो, हे आपण सारे डॉक्टर जाणतो. मात्र सकाळी साडेसातला, चहाचा कप हाती असताना, ओळखीच्या आवाजात ‘गुलाबी गोळी’ची मागणी आली की ते आठवेलच, याची हमी कोणी द्यावी? आजींचा चेहरा समोर असता तर त्यावरचा फिकटपणा दिसला असता, हात हाती घेतला असता तर तो गार लागला असता. फोनवर केवळ त्यांचे स्वतःचे निदान ऐकू येत होते, तेही वड्यांचे.

कायद्याचा विचार करता एक गैरसमज मला वारंवार आढळतो. ‘फोनवर मी पैसे घेत नाही, म्हणजे जबाबदारीही नाही.’ १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने शांता खटल्यात वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली, तेव्हा सर्वांनाच सर्वस्वी मोफत मिळणारी सेवा वगळली. पण जिथे काहींकडून शुल्क घेतले जाते आणि काहींना सूट दिली जाते, तिथे सूट मिळालेलाही ग्राहकच, असे स्पष्ट केले. दवाखान्यात फी घेणारा डॉक्टर फोनवरच्या औदार्याच्या आड कितपत लपू शकेल, हे सांगायला वकील लागत नाही. फौजदारी बाजूस २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालाने गंभीर निष्काळजीपणाची कसोटी घालून देऊन डॉक्टरांना संरक्षण दिले आहे, तेही लक्षात असावे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये निष्काळजीपणाने मृत्यू घडवणाऱ्या इतरांना पाच वर्षांपर्यंत, तर वैद्यकीय उपचारांच्या वेळी तसे घडल्यास नोंदणीकृत डॉक्टरांना दोन वर्षांपर्यंत कारावास सांगितला आहे. ही सवलत आहे खरी. पण दोन वर्षे म्हणजे काही दोन आठवडे नव्हेत.

मी स्वतः २०२० पासून एक साधी व्यवस्था पाळतो. दुपारी अडीच ते साडेतीन हा फोनचा तास. या वेळात एक जाड वही समोर असते. तारीख, नाव, वय, काय विचारले, काय सांगितले, ‘या’ म्हटले तर तेही. इतर वेळी फोन कंपाउंडर घेतो आणि श्वास, छाती, शुद्ध हरपणे, रक्तस्राव, लहान मुलाचे मलूल होणे, यांपैकी काही असेल तरच मला हाक मारतो. प्रयोगशाळेचे अहवाल कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकून मला त्यात ओढू नये, अशी पाटी मी लावली आहे. सुनेच्या गर्भधारणेची चाचणी सतरा नातलगांसमोर वाचण्याची पाळी एकदा आली, तेवढी पुरे!

आणि फोनच्या तासाची फी घेतो. दवाखान्यातल्यापेक्षा कमी, पण घेतो, पावतीही देतो. मार्गदर्शक तत्त्वे ती मुभा देतात. यावर माझ्या पिढीतील दोन ज्येष्ठ मित्र नाराज आहेत. शब्दाला पैसे घेणे त्यांना वैद्याला न शोभणारे वाटते आणि त्यांच्या भावनेमागची परंपरा मी मानतो. पण फी सुरू झाल्यापासून ‘सहज विचारलं’ या सदरातील फोन निम्म्यावर आले आणि उरलेले नीट, सावकाश, वहीत लिहून घेण्यासारखे झाले, हा माझा अनुभव. रुग्ण अहवाल हाताशी घेऊन बसतो, चालू गोळ्यांची पाकिटे समोर ठेवतो. ज्यांना परवडत नाही त्यांची नावे कंपाउंडरला माहीत आहेत; त्यांच्याकडून काही घेतले जात नाही, मात्र वहीत नोंद त्यांचीही होते.

तरुण सभासदांपैकी काहींनी असाच तास ठरवला आहे, काहींनी तो ठरवून आठ दिवसांत मोडला, कारण घरच्यांनाच तो पाळता येईना. या विषयावर आपल्या संस्थेच्या वार्षिक सभेत चर्चा व्हावी आणि फोनच्या वेळा सर्वांनी मिळून ठरवाव्यात, अशी विनंती मी सचिवांना लेखी दिली आहे. फी किती असावी, ती रकमेची जागा मात्र त्या पत्रात मी मुद्दामच कोरी ठेवली आहे.