टर्बोचा दाब आणि प्लगची गॅप
बॉनेटखालची दुनिया : भाग ९

गेल्या आठवड्यात इंटरकूलर पाहिला. टर्बोतून तापून आलेली हवा तो थंड करतो, म्हणजेच दाट करतो. ताकद वाढते ती या दाट हवेमुळे, आणि प्लगची पंचाईत होते तीही तिच्यामुळेच.

टर्बो पेट्रोल गाडीची एक तक्रार ठरलेली असते. सिग्नलला इंजिन शांत, गावात पिकअप छान. पण खंडाळ्याचा घाट चढताना वरच्या गिअरमध्ये पाय दाबला की गाडी हिसके देते, ‘मिसिंग’ मारते. मग पेट्रोलला नावं ठेवून होतात, इंजेक्टर साफ करून होतात. प्लगची गॅप मोजायचं मात्र फारसं कुणाला सुचत नाही.

फ्रीडरिश पाशेन या जर्मन शास्त्रज्ञाने १८८९ साली दाखवून दिलं, की दोन इलेक्ट्रोडमधल्या वायूतून ठिणगी पडायला किती व्होल्ट लागतील, ते वायूचा दाब आणि मधलं अंतर यांच्या गुणाकारावर ठरतं. उघड्या हवेत एक मिलिमीटरला तीन-चार हजार व्होल्ट पुरतात. सिलिंडरात पिस्टनने दाबलेल्या मिश्रणात तेवढ्याच अंतराला त्याच्या कितीतरी पट लागतात. आयडलिंगला थ्रॉटल जवळजवळ बंद, आत हवा थोडी, म्हणून ठिणगी सहज पडते. एक बार बूस्ट आला की इनटेकमधला दाब बाहेरच्या हवेच्या दुप्पट होतो. शिवाय नॉकिंग टाळायला बूस्टखाली ठिणगी जरा उशिरा देतात. तोवर पिस्टन आणखी वर आलेला असतो. कॉइलची कुवत मात्र तेवढीच राहते. ती संपली की ठिणगी पडतच नाही, किंवा आडवाट धरते. अशा वेळी प्लग काढून पाहिलात तर पांढऱ्या चिनीमातीवर उभी काळी रेघ दिसते. वीज बाहेरून उतरल्याची ती खूण.

मग गॅप कमीच ठेवावी? दुधाने पोळलेले काही जण तसं करतात आणि गाडी आयडलिंगला थरथरायला लागते. गॅप फार लहान असली की ज्योतीचा पहिला ठिपकाच चिमुकला, त्यात त्याची उष्णता दोन्ही इलेक्ट्रोड शोषून घेतात. तेव्हा पूर्ण बूस्टवर मिसिंग होणार नाही अशी जास्तीत जास्त गॅप, हे माझ्या मते खरं माप.

साधारण अंदाज असा : बिनटर्बो गाड्यांना १.० ते १.१ मिलिमीटर, कंपनीच्या टर्बोला बहुधा ०.७ ते ०.८. रिमॅप करून बूस्ट वाढवला असेल तर ०.६ च्या आसपास. ०.५ च्याही खाली जावं लागत असेल तर दोष कॉइलमध्ये शोधा. रिमॅप नसेल तर मॅन्युअलमधला आकडा अंतिम. असेल तर एका वेळी ०.१ मिलिमीटर कमी करा आणि मिसिंग थांबलं की तिथेच थांबा. प्लग जुने झाले की इलेक्ट्रोड झिजून गॅप आपोआप वाढते, म्हणून आधी मोजा, मग खर्च करा.

‘खोक्यातनं सेट होऊनच येतो,’ असं गॅरेजमध्ये ऐकायला मिळेल. येतो खरा, पण तुमच्याच इंजिनासाठी सेट झालेला असेलच असं नाही. आणि वाटेत पडलेल्या प्लगची गॅप मिटलेली असते. मोजायला तारेचा गेज घ्या. नाण्यासारखा गोल गेज इरिडियम प्लगला लावू नका. त्याचं मधलं टोक अवघं अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाड असतं; गेज रेटला की टवका उडतो. वाकवायची ती फक्त बाहेरची पट्टी. फरशीवर प्लग ठोकून गॅप कमी करायची जुनी सवय स्कूटरबरोबरच गेलेली बरी.

पुढच्या भागात प्लगची हीट रेंज. तोवर प्लग बदललेत तर जुने फेकू नका. कोणता कुठल्या सिलिंडरचा ते लिहून ठेवा, त्यांच्या रंगावरून बरंच काही वाचायचं आहे.